चढ माझा, उतार तिचा

सेजफील्ड, पूर्व ओरेगन
दि. ६ जून २०१०

ती. लिओराताईस,
एलवुडचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. त्याचं कारण खिडकीबाहेर उभं आहे आणि त्यानं अंगणातलं निम्मं आकाश खाल्लं आहे. ताई, मी गाडी घेतली. साधी नव्हे, घरगाडी. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, जेवायचं टेबल, एवढंसं न्हाणीघर आणि पुढे बसला असते तशी भलीमोठी काच. ती कारखान्यातून बाहेर पडली त्या वर्षी मी शाळेत नववीला कविता शिकवत होतो आणि व्हर्डाच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. त्या सुमाराला अशीच एक मोतिया रंगाची गाडी गावातून गेली होती आणि मी पेट्रोलपंपावर खुळ्यासारखा बघत राहिलो होतो, आठवतं? तू म्हणाली होतीस की तोंड मीट, माशी जाईल. ती माशी इतकी वर्षं पोटात गुणगुणत होती असं समज.

आता खरं सांगतो, कारण माझ्या थापा तुला कधीच पचल्या नाहीत. गाडी घरी आणताना प्राण कंठाशी आले. सरळ रस्त्यावर ती सरळ जाईना. चाक डावीकडे फिरवावं तर क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम अख्खं घर डावीकडे. मुलगा कविता पाठ म्हणताना यती चुकतो, पुढची मात्रा घाईनं पकडतो आणि सगळी ओळ लंगडते, तसं. ब्रेकचं तर विचारू नकोस. पहिल्यांदा पाय दाबला तर पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा कुठे काहीतरी पायाला लागलं. दूधवाल्याच्या गाडीच्या मागे मी इतका जवळ थांबलो की त्याच्या दारावर रंगवलेली गाय माझ्याकडे बघत होती.

पण दुरुस्त करीन. शेजारचा ऑर्विन गवताच्या गासड्या बांधायची यंत्रं सुधारतो, तो मदतीला आहे. बेत असा, की सप्टेंबर लागताच तुझ्याकडे समुद्रावर यायचं. चार वर्षांत तोंड दाखवलं नाही असं म्हणतेस ना? मधे मॅकॉर्ड घाट आहे, ठाऊक आहे. पण आमचा लग्नापासूनचा करार तुला माहीत आहे: चढ माझा, उतार तिचा. बाबांच्या ट्रकचे ब्रेक त्या घाटात जळाले आणि आपण दरडीवर आदळलो, त्या दिवसापासून मला उतार दिसला की हात गोठतात. व्हर्डा मात्र लोणी पसरावं तशी गाडी खाली आणते. तेव्हा तू निश्चिंत राहा.

ती मजेत आहे. परवा वाटाण्याच्या वाफ्यातून आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी चिखलात रुतून राहिलेली, आणि बाईसाहेबांना पत्ताच नाही! मी म्हटलं, अजून सोळाव्या वर्षात आहेस, पाय जमिनीला लागत नाहीत तुझे. एरवी तिनं मला दोन शब्द सुनावले असते. या वेळी नुसती वळली आणि चप्पल आणायला गेली.

रागावलीस तर रागाचं पत्र दे, पण दे. गाडी डगमगते आहे, तुझी माया डगमगू नये एवढंच मागणं.

तुझा,
एलवुड


टिलिकम कोव्ह
दि. १५ जून २०१०

चि. एलवुड यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून चहाचा कप हातातच राहिला. ज्या माणसानं जन्मात सायकलची चेन बसवली नाही, त्यानं पंचाहत्तरीला टेकून सहा चाकांचं घर घेतलं! आई असती तर तुला कोपऱ्यात उभं केलं असतं आणि मी तुझ्यावर पहारा ठेवला असता. फोनवर मला धड ऐकू येत नाही म्हणून बरं, नाहीतर आज तुझे कान बधिर झाले असते.

थट्टा पुरे. मला भीती वाटते रे. तू बाबांच्या ट्रकचं एका ओळीत लिहून मोकळा झालास. तू आईच्या मांडीवर होतास, तुला तोंडासमोर काही दिसलं नसेल. मला दिसत होतं. बाबांचा पाय पेडल मारत होता, मारत होता, आणि ट्रक ऐकत नव्हता. तो वास मला अजून भाजलेल्या रबराच्या वासात येतो. म्हणून सांगते, आधी ब्रेक, मग स्टेअरिंग, आणि पडदे-बिडदे सगळ्यात शेवटी. तू पडद्यांपासून सुरुवात केली असशील, खात्री आहे मला.

आणि व्हर्डाला एकदा नीट विचार, तिला यायचं आहे का. तुझ्या स्वप्नात ती पन्नास वर्षं तिकीट न काढता बसते आहे. एवढ्या मोठ्या धुडाला खाली आणायची ताकद तिच्यात उरली आहे का, तेही विचार. गप्प बसणाऱ्या बाईचं उत्तर हो असतं, असं धरून चालू नकोस.

गुडघे दुखतात, बाकी ठीक. शेजारच्या बाईनं हकलबेरीचा जॅम दिला आहे, तुमच्यासाठी एक बाटली बाजूला ठेवते. ती खायला तुम्ही धड यावं म्हणून रोज प्रार्थना करणारी,

तुझी,
लिओराताई


सेजफील्ड
दि. ४ जुलै २०१०

ती. लिओराताईस,
एलवुडचा सा. न. वि. वि.

पडद्यांचं तू कसं ओळखलंस? निळे आहेत, वर पांढरी फुलं.

आज स्वातंत्र्यदिनाचा सण, सगळा गाव मिरवणुकीला गेला आहे आणि मी तेलकट हातांनी लिहितो आहे. आनंदाची बातमी आधी. स्टेअरिंगचा रोग सापडला! ऑर्विननं युक्ती सांगितली: एकानं आत बसून चाक डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्यानं गाडीखाली झोपून कुठला सांधा उशिरा हलतो ते बघायचं. व्हर्डा आत बसली, मी खाली. तिचे हात बघ कसे, घड्याळाच्या लंबकासारखे एका लयीत. पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांपैकी एकीचा सांधा पार झिजला होता. बाकीच्या हलल्या की ही म्हातारी जरा विचार करून मग हलायची. तो सांधा बदलला, चाकांची दिशा लावून घेतली, आणि आता गाडी सरळ रेघेत चालते. पहिल्यांदा नीट चालली तेव्हा मी नववीतली नदीची कविता मोठ्यानं म्हटली. व्हर्डा म्हणाली की रस्त्यावर बघा, नदीवर नको.

ब्रेकनं मात्र रडवलं. मागच्या चाकांच्या ड्रममध्ये तेल गळत होतं आणि एक रबरी नळी आतून सुजून बंद झाली होती. दोन्ही बदललं. मग राहिली हवा काढायची. हेही दोघांचं काम. मी गाडीखालून म्हणायचं, दाब. तिनं पेडल तळापर्यंत दाबून म्हणायचं, दाबलं. मग मी चाकाजवळचा बोल्ट सैल करायचा, तेलाबरोबर बुडबुडे येतात, बोल्ट पुन्हा आवळायचा आणि मग म्हणायचं, सोड. त्याआधी पाय उचलला तर हवा उलटी आत शिरते. एवढं सोपं. पण ताई, बुडबुडे संपेचनात! सगळी दुपार गेली. माझं दाब म्हणून होण्याआधी तिचं दाबलं तयार. पन्नास वर्षं माझी वाक्यं तिनं पुरी केली, आता ब्रेकचीही करते म्हणून मी खालून हसत होतो. ती वर रडवेली झाली होती हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, वेडे, जुन्या रबराचा दोष आहे.

गेल्या रविवारी ती चर्चला गेली असताना ऑर्विन पेडलवर बसला. गंमत बघ, काही वेळातच बुडबुडे थांबले आणि पेडल दगडासारखं झालं. म्हणजे हवा मुळात निघतच आली असणार, त्यानं आयतं श्रेय घेतलं.

पण संकट वेगळंच. दुसऱ्या दिवशी व्हर्डानं गाडी अंगणात घेतली आणि कुंपणापाशी ब्रेक दाबला, तर थांबायचं सोडून गाडी पुढे उसळली! कुंपण मोडलं, माझी हॉलीहॉकची फुलझाडं गेली. ती पांढरीफटक. मी स्वतः बसून दहादा बघितलं, ब्रेक उत्तम. ऑर्विन म्हणतो की ब्रेकला जोर देणारी जी हवेची नळी इंजिनाला जोडलेली असते ती फाटली, तर पेडल दाबताच इंजिन जोरात फिरतं. आता ती नळी शोधतो आहोत.

व्हर्डाचं धाडस मात्र तसंच. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर अनवाणी उभी राहून पुढची काच पुसत होती. मी पाय ठेवला आणि किंचाळलो. ती म्हणाली, कुठे तापलाय, कविता शिकवणाऱ्यांचे पायच नाजूक. दुसऱ्या दिवशी टाचेला हा एवढा फोड! शूर बाई आहे.

एखाद्या ओळीनं तरी पाठीवर हात ठेव.

तुझा,
एलवुड


टिलिकम कोव्ह
दि. १२ जुलै २०१०

चि. सौ. व्हर्डा हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी मुद्दाम तुझ्या नावानं आणि एलवुड ग्रंथालयात जातो त्या दिवशी पोचेल अशा बेतानं टाकलं आहे. त्याला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तुझ्या भावजींची, म्हणजे माझ्या हार्लनची, शेवटची वर्षं तू पाहिली नाहीस. एकदा त्याच्या बुटात खिळा वर आला होता. तो घालून तो दिवसभर शेतात हिंडला, संध्याकाळी बूट काढला तर मोजा लाल. त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. साखर रक्तात असते, पण खाते पायांना, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून कुणाची चप्पल चिखलात राहिली आणि कळलं नाही, असं ऐकलं की मला तो लाल मोजा दिसतो. माझा भाऊ त्यावर कविता करतो. तो साठ वर्षं सगळ्यावर कविताच करत आला आहे.

ब्रेक दाबल्यावर उसळणारी गाडी असते का, ते मला माहीत नाही. पाय चुकला तर उसळते, एवढं कळतं. व्हर्डा, खुर्चीत बस, डोळे मीट, आणि उजव्या पायाचा अंगठा वर आहे की खाली ते स्वतःला विचार. मग डोळे उघडून बघ. जे दिसेल ते मला लिही. मी नणंद म्हणून विचारत नाही. मी या वयात दोन माणसांची वाट बघते आहे, आणि मधे तो घाट आहे.

तुझ्या उत्तरापर्यंत नीट न झोपणारी,
लिओरा


सेजफील्ड
दि. १९ जुलै २०१०

ती. वन्संस,
व्हर्डाचा शि. सा. न.

तुम्ही सांगितलंत ते करून बघितलं नाही. करायची गरज नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून उजवा पाय आहे हे मला बघितल्यावरच कळतं. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही गेल्या. डॉक्टरांकडे गेले नाही. गेले तर ते लायसन्स काढून घेतील.

पेडल तळाला लागलं की नाही ते मला समजतच नव्हतं, म्हणून हे दाब म्हणायच्या आत मी दाबलं म्हणत होते. मधे पाय घसरायचा. हे खालून हसत होते आणि मी वर बसून स्वतःच्या बुटाकडे बघत होते, कुणा परक्याचा असावा तसा. कुंपणाच्या वेळी मला शपथेवर वाटत होतं की पाय ब्रेकवर आहे.

वन्सं, यांना सांगू नका. यांनी ती गाडी घेतली तेव्हापासून घरात गाणं आहे. आणि दुसरं, ते कसं लिहू कळत नाही. यांच्याकडे सगळं आहे, शब्द आहेत, मुलं अजून रस्त्यात थांबून सर म्हणतात. माझ्याकडे एकच गोष्ट होती जी यांना येत नाही. उतार. घाटमाथ्यावर गाडी थांबवून हे उतरायचे, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी यायचे आणि म्हणायचे, आता तू. तेवढ्यापुरती मी या घरात मोठी असायचे. तेही गेलं तर काय उरतं?

मी सराव करते आहे. आधी पायाकडे बघायचं, मग रस्त्याकडे. जमतंय. जमणार नाही असं वाटलं तर मी स्वतः सांगीन, माझा शब्द. तुम्हीही मला शब्द द्या.

तुमची लहान जाऊ तर नाही, पण बहिणीसारखी,
व्हर्डा


सेजफील्ड
दि. २६ ऑगस्ट २०१०

ती. लिओराताईस,
एलवुडचा सा. न. वि. वि.

तुझं गेलं पत्र इतकं त्रोटक का? आगगाडीनं या, गाडी विकून टाका, मला पाहुणे झेपत नाहीत, हे काय लिहिणं झालं? मी दोनदा वाचलं आणि व्हर्डाला दाखवलं. ती म्हणाली की वन्संचे गुडघे बोलतात. मीही तसंच धरतो, आणि येतो.

हवेची नळी बदलली. खरं तर जुनी फाटलेली नव्हती, तरी बदलली. ऑर्विन डोकं खाजवत होता. पण त्यानंतर गाडी एकदाही उसळली नाही, म्हणजे रोग तोच. व्हर्डा रोज सकाळी अंगणात एक फेरी मारते, फार सावकाश, आणि सारखी खाली बघत. मी चिडवतो की लग्नातही अशीच खाली बघत होतीस.

शुक्रवारी, ३ तारखेला निघतो. वणव्यांचा धूर वाढायच्या आत निघालेलं बरं. शनिवार-रविवार घाटाच्या अलीकडे किंबर गावात मुक्काम. सोमवारी घाट, त्या दिवशी ट्रक कमी असतात. काही लिहायचं असेल तर किंबरच्या पोस्टात माझ्या नावानं टाक, तिथे ते ठेवून घेतात.

भीती नाही असं म्हणणार नाही. काल स्वप्नात मी वर्गात उभा होतो आणि कवितेची पुढची ओळ आठवत नव्हती, मुलं नुसती बघत होती. जागा झालो तर हात गार. पण उतार माझा नाही ना! समुद्र दिसला की सगळं विसरायला होईल.

दारातला दिवा आणि मनातला राग, दोन्हींपैकी दिवा तेवढा लावून ठेव.

तुझा,
एलवुड


टिलिकम कोव्ह
दि. १ सप्टेंबर २०१०
(किंबर पोस्टात एलवुड येईपर्यंत ठेवावे)

चि. एलवुड,

आशीर्वाद आणि जे काही असेल ते सगळं. व्हर्डाला शब्द दिला होता, तो मोडते आहे.

तिच्या उजव्या पायात संवेदना नाही. पाय कुठे आहे ते तिला कळत नाही. तुझ्या गाडीच्या ब्रेकला काही झालेलं नाही, मूर्खा, नळ्या कसल्या बदलतोस! चप्पल, पत्रा, कुंपण, एकाच पायाच्या या सगळ्या गोष्टी. तिला घाटात चाकामागे बसू देऊ नकोस. तिच्यावर रागावू नकोस. तिनं का लपवलं ते तीच सांगेल.

औषधाच्या दुकानातल्या मुलीला सांगून तुमच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. तू अंगणात गाडीखाली असशील आणि ती गाडीत. संध्याकाळी पुन्हा लावते.

हे वाचलंस की किंबरलाच थांब. काहीही झालं तरी थांब.

लिओराताई


मॅकॉर्ड घाटमाथा
दि. ६ सप्टेंबर २०१०

ती. लिओराताईस,
एलवुडचा सा. न. वि. वि.

गाडीतल्या टेबलावर बसून लिहितो आहे. अक्षर असं का ते पुढे कळेल.

शनिवारी किंबरला पोचेपर्यंत पोस्ट बंद झालं होतं. आज कामगार दिनाची सुट्टी, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. चाळीस वर्षं त्या सुट्टीनंतर शाळा उघडायची आणि मी तीच विसरलो! तुझं पत्र आलं असेल तर ते मागे कुलपात आहे.

चढ मी चढवला. गाडी छान चालली, स्टेअरिंग हातात मऊ. वर ट्रक थांबतात ती ब्रेक तपासायची जागा आहे ना, तिथे थांबलो. खाली धुक्यासारखा धूर साचलेला, रस्ता दोन वळणं दिसतो आणि मग नाहीसा होतो. मी नेहमीसारखा उतरलो, वळसा घालून तिच्या दाराशी गेलो आणि म्हटलं, आता तू. ती चाकामागे बसली. इंजिन बंदच होतं. निघण्याआधी मागचे दिवे बघून घ्यावेत म्हणून मी मागे गेलो आणि ओरडलो की ब्रेक दाब. तिनं ओरडून सांगितलं, दाबलाय. दिवे लागले नाहीत. मी म्हटलं, जोरात. ती म्हणाली, पूर्ण दाबलाय, आणखी कुठे जाणार? दिवे नाहीत. बल्ब गेला, असं मनाशी म्हणत मी पुढे आलो आणि पाना मागायला दार उघडलं.

ताई, तिचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. तळापर्यंत दाबलेला, गुडघा थरथरत होता. डोळे समोर रस्त्यावर. मान ताठ, चेहऱ्यावर तो जुना, उतारावरचा, माझ्याहून मोठा भाव. आणि तिथूनच ती मला पुन्हा म्हणाली, दाबलाय हो, बघा ना दिवे.

इंजिन चालू असतं तर? समोर दोन हात अंतरावर कठडा आहे, आणि कठड्यापलीकडे काही नाही.

मी काय बोललो ते नीट आठवत नाही. बल्ब गेलाय म्हटलं. स्टेअरिंगचा सांधा नवा आहे, उतारावर तो कसा वागतो ते मलाच कळेल, आज मी घेतो, असं काहीसं. वाटलं ती भांडेल. एवढ्या वर्षांचा करार! ती पटकन उठली आणि दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. ती भांडली नाही, त्यानं मला पायाहून जास्त भीती घातली. मागचा सगळा उन्हाळा एकदम उलगडायला लागला. मी चप्पल बघितली, पाय बघितला नाही.

आता उतार माझा आहे. हात आत्ताच गार पडले आहेत. पहिल्या गिअरमध्ये टाकून इंजिनाच्याच दमानं गाडी रोखत उतरायचं, ब्रेक थोडा दाबून सोडायचा, सतत धरून ठेवायचा नाही, हे मला पाठ आहे. पाठ मला पुष्कळ काही आहे.

इथे एक ट्रकवाली बाई आहे, तिच्याकडे हे पत्र देतो. मी स्वतःही खाली टाकलं असतं. पण ती आमच्याआधी खाली पोचेल, एवढं खात्रीचं आहे.

जे काही तुला माझं गोड वाटलं असेल, ते जवळ ठेव.

तुझा,
एलवुड


फेरी स्लाइड, घाटाखाली
दि. ७ सप्टेंबर २०१०

ती. वन्संस,
व्हर्डाचा शि. सा. न.

आम्ही खाली आहोत. दोघंही धड. हे पहिल्या ओळीत लिहायला यांनीच सांगितलं, कारण यांनी वरून काहीतरी भयंकर लिहून पाठवलं आहे म्हणे.

यांना वाटत होतं, मला कळलं नाही. मला तेव्हाच कळलं. दार उघडल्यावर हे माझ्या तोंडाकडे नाही, खाली बघत होते. मग मीही खाली बघितलं. हे बल्ब म्हणाले, आणि मी बल्बवर विश्वास ठेवला. आम्ही दोघं तेवढ्या एका बल्बाच्या आधारानं अख्खा घाट उतरलो, वन्सं.

सगळा वेळ पहिला गिअर. मागे ट्रकची रांग लागली, ते भोंगे वाजवत होते, एकानं काच खाली करून यांना काय काय म्हटलं. हे वळले नाहीत. बोटं पांढरी, ओठ निळे. वळण आलं की हे मोठ्यानं कविता म्हणायला लागायचे, मुलं भूत दिसू नये म्हणून म्हणतात तसं. एका ठिकाणी धुरातून समोर काहीच दिसेना आणि ओळ मधेच तुटली. मला ती ओळ येत नव्हती. मी नुसतं सांगत राहिले, डावीकडे, आता सोडा ब्रेक, सोडा, पुन्हा थोडा. यांनी ऐकलं. मी दाब म्हणायच्या आत कधीच दाबला नाही. तळाशी ब्रेकचा वास आला तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं सगळं संपलं, पण तोवर रस्ता सपाट झाला होता.

अजून एक डोंगररांग आहे तुमच्या गावाआधी. हे म्हणतात, तीही मीच घेणार, सावकाश, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात. मी म्हटलं, बस. हे म्हणाले की बसमध्ये तुझ्यासारखं सांगणारं कोण आहे? यावर अजून आमचं भांडण चालू आहे. तुमच्या इथल्या डॉक्टरांकडे मला आधी न्या. कदाचित पाय जाईल. रात्री दिवा असला तरी मला तो विचार दिसतो. हार्लन भावजींचं काय काय झालं ते मला विचारायचं आहे आणि विचारायचं नाहीही.

तुम्ही शब्द मोडला असणार, किंबरच्या पत्रात. मोडलात ते बरं केलंत. फक्त उशीर झाला.

एवढंच सांगते आणि थांबते. खाली पेट्रोलपंपावर गाडी लावली, तरी हे बराच वेळ चाक धरूनच बसले. मग माझ्या सीटपाशी खाली बसले आणि माझा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. बूट काढला, मोजा काढला. मला म्हणाले, डोळे मीट. एकेक बोट दाबून विचारत गेले, हे कुठलं. मी सांगत गेले, करंगळी, अंगठा, मधलं, मनाला येईल ते. मग विचारायचे थांबले. मला वाटलं, बरोबर एकही आलं नाही म्हणून उठून गेले, बाहेर कुठेतरी रडत असतील. खूप वेळ तशीच डोळे मिटून बसले होते मी. उघडले, तर हे तिथेच होते. दोन्ही हातांनी पाय घट्ट धरून.

आम्ही येईपर्यंत आमची काळजी करा, त्यानंतरही करा.

तुमची,
व्हर्डा